चेष्टा रंगाची करा, रंगवणाऱ्याची नको

मोठी माणसं खेळण्यातले शिपाई रंगवत बसतात, हे सांगितलं की आपल्याकडे दोन प्रतिक्रिया येतात. पहिली म्हणजे, "यांना कामधंदा नाही का?" दुसरी जरा शिकल्यासवरल्या मंडळींची असते. "छंद असेल तर असू द्या, पण त्यात मुकाबला कशाला? आणि मुकाबला असेल तर तिथं हसणं-खिदळणं कशाला?" पहिल्या प्रश्नाला उत्तर देण्यात मी वेळ घालवणार नाही. फावल्या वेळात टीव्हीसमोर तीन तास बसणाऱ्या माणसाला हा प्रश्न कुणी विचारत नाही, मग हातात ब्रश धरणाऱ्यालाच का विचारावा? दुसऱ्या प्रश्नाशी मात्र मला भांडायचं आहे. स्पर्धा म्हणजे गंभीर गोष्ट आणि थट्टा म्हणजे उथळ गोष्ट, ही समजूत आपल्या शाळांत, गॅदरिंगमध्ये, मुशायऱ्यांत आणि घराघरांत ठाण मांडून बसली आहे. तिनं आपलं बरंच नुकसान केलं आहे, आणि सगळ्यात जास्त मुलांचं.

माझं म्हणणं थोडक्यात असं. ज्या कलेत प्रतिस्पर्धी एकमेकांच्या कामाची मोकळेपणानं चेष्टा करू शकतात, ती कला सुधारते. जिथं तशी मोकळीक नसते तिथं दोनच गोष्टी उरतात, तोंडावर वाहवा आणि पाठीमागे बदनामी. हे समजून घ्यायला इंचभर उंचीचे शिपाई रंगवणाऱ्यांची दुनिया फार उपयोगी आहे.

आधी ही दुनिया काय आहे ते पाहू. शिसं-कथलाच्या छोट्या सैनिकांचा शौक युरोपात जुना आहे. जर्मनीत न्यूरेंबर्गच्या कारागिरांनी चपट्या कथलाच्या शिपायांचा मोठा धंदा उभा केला. हाइनरिक्सेन या घराण्यानं १८४८ साली सुमारे ३० मिलिमीटर उंचीचं माप ठरवलं आणि पुढं तेच रूढ झालं. इंग्लंडमध्ये विल्यम ब्रिटन यांच्या कारखान्यानं १८९३ साली आतून पोकळ असे शिशाचे शिपाई ओतायला सुरुवात केली. शिसं कमी लागल्यामुळं ते स्वस्त पडले आणि सामान्य घरांतही पोचले. १९१३ साली एच. जी. वेल्स या प्रसिद्ध कादंबरीकारानं 'लिटल वॉर्स' नावाचं पुस्तक लिहून या शिपायांच्या लढाईचे नियम छापले. वेल्स तेव्हा सेहेचाळीस वर्षांचे होते. जमिनीवर लोळून खेळण्यातल्या तोफेनं शिपाई पाडताना आपण कसे दिसतो याची त्यांना पुरती कल्पना होती. पुस्तकाच्या लांबलचक उपशीर्षकातच त्यांनी वाचकाच्या वयाची गंमत केली आहे. त्याच पुस्तकात त्यांनी असंही मांडलं आहे की खेळण्यातली लढाई चार वेळा खेळून पाहिली की खरं युद्ध किती भोंगळ प्रकार आहे ते ध्यानात येतं. पुढच्याच वर्षी पहिलं महायुद्ध सुरू झालं. वेल्स यांचं पुस्तक ज्यांनी वाचायला हवं होतं त्यांनी वाचलं नसावं.

आजचा शौक मुख्यतः १९७५ साली लंडनमध्ये सुरू झालेल्या आणि नंतर नॉटिंगहॅमला स्थिरावलेल्या गेम्स वर्कशॉप या कंपनीभोवती वाढला. १९८३ साली त्यांचा वॉरहॅमर हा खेळ आला, १९८७ साली दूरच्या भविष्यकाळातला वॉरहॅमर ४०,००० आला. त्याच १९८७ साली गोल्डन डेमन ही रंगकामाची स्पर्धा सुरू झाली. तिच्यात सर्वश्रेष्ठ ठरणाऱ्याला स्लेयर स्वोर्ड नावाची भलीमोठी तलवार मिळते. विचार करा, पुतळा २८ मिलिमीटरच्या आसपास आणि बक्षीस खांद्यावर घेऊन मिरवावं एवढं! बक्षीस ठरवणाऱ्याला विनोदबुद्धी होती, यात शंका नाही.

आता यांची थट्टा कशी असते ते पाहा. दुकानातून आणून ठेवलेल्या आणि वर्षानुवर्षं न रंगवलेल्या शिपायांच्या ढिगाला ही मंडळी 'शरमेचा ढीग' म्हणतात, आणि तो आपल्याकडे किती मोठा आहे हे एकमेकांना चढाओढीनं सांगतात. ब्रश धुवायचं पाणी आणि चहा शेजारी शेजारी ठेवल्यावर ब्रश चहात जातो किंवा ओठ पाण्याच्या पेल्याला लागतात, हा त्यांचा सदाबहार किस्सा. पातळ काळपट रंगाचं एक पाणी मिळतं. ते पुतळ्यावर सोडलं की खाचाखोचांत आपोआप सावली बसते आणि नवशिक्याचं कामही बरं दिसू लागतं. त्या बाटलीला त्यांनी 'बाटलीतलं हुनर' अशा अर्थाचं नाव ठेवलं आहे. महिनाभर रात्री जागवून रंगवलेला सेनापती पहिल्याच लढाईत सगळ्यांच्या आधी मरतो, असा एक समजही आहे. सगळे त्यावर हसतात आणि मनातून थोडा विश्वासही ठेवतात.

खेळाच्या कथेतच ऑर्क नावाची हिरवी, दांडगट जमात आहे. लाल रंग दिला की गाडी जास्त वेगानं पळते, अशी या ऑर्कांची श्रद्धा. जांभळा रंग दिलेला ऑर्क कुणाला दिसत नाही, अशीही एक गंमत शौकिनांत चालते. पुरावा काय? तुम्ही कधी जांभळा ऑर्क पाहिला आहे का? या विनोदावर रंगवणारे दशकानुदशकं हसत आले आहेत. कारण त्यात त्यांचीच फिरकी आहे. अमुक रंग लावला तर शिपाई जिंकेल, असं गुपचूप त्यांनाही वाटतच असतं.

या सगळ्या विनोदांचं निशाण कुठं आहे ते पाहा. रंग, ब्रश, आळस, हव्यास आणि आपलेच थरथरणारे हात. इंचभराच्या चेहऱ्यावर डोळा म्हणजे टाचणीच्या टोकाएवढा ठिपका. तो जरा सरकला तर शूर योद्धा तिरळा होतो, जरा मोठा झाला तर भूत पाहिल्यासारखा दिसतो. असा तिरळा योद्धा प्रत्येकाच्या घरी असतो. त्यामुळं दुसऱ्याच्या तिरळ्या योद्ध्यावर हसणारा माणूस स्वतःच्या कपाटाकडं बघूनच हसत असतो.

शिवाय या हसण्यातून ज्ञान पुढं जातं. नवशिका रंग घट्टच लावतो. घट्ट रंगात चेहऱ्याची नाकं-डोळी बुजून जातात. रंगात पाणी घालून दोन पातळ थर द्यावेत, हा साधा सल्ला या शौकात इतक्या वेळा चेष्टेत सांगितला गेला आहे की आता तो म्हणीसारखा झाला आहे. बीएडच्या वर्गात आम्हाला अध्यापनाच्या पद्धती शिकवल्या. विनोदाचा वापर कसा करावा यावर एखादं टिपण असायचं, पण एक हसरी थट्टा हजार सूचनांचं काम करते, हे इतक्या ठसठशीतपणे कुठल्या पुस्तकात मी वाचलं नाही.

मग भांडणं नाहीत का? भरपूर आहेत. नेपोलियनच्या काळातले सैनिक रंगवणारे गणवेशाच्या गुंड्या मोजतात. कुठल्या पलटणीच्या कॉलरला कुठला रंग होता यावर तासन्‌तास वाद घालतात. राक्षस आणि अंतराळवीर रंगवणारे त्यांना 'गुंडीमोजे' म्हणून चिडवतात. गुंडीमोजे उलट म्हणतात, "तुमच्या राक्षसाचा रंग चुकला हे सिद्ध कोण करणार? म्हणून तुमचं सोपं!" दुसरा वाद चिलखताचा. एक पक्ष धातूची भुकटी असलेला चमकता रंग लावतो. दुसरा पक्ष तसा रंग वर्ज्य मानतो. राखाडी, तपकिरी, पिवळा आणि पांढरा एवढ्यातूनच तो चमक हातानं चितारतो, जणू प्रकाश पोलादावर पडून परावर्तित झाला आहे. पहिला पक्ष म्हणतो, तुमची चमक एका बाजूनंच खरी वाटते, पुतळा फिरवला की सोंग उघडं पडतं. दुसरा म्हणतो, तुमची चमक दुकानातून विकत आणलेली आहे, आमची आम्ही घडवली आहे. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, म्हणून वाद संपत नाही. आणि वाद संपत नाही म्हणून दोन्हीकडचं काम सुधारत राहतं.

तिसरा वाद मला शिक्षक म्हणून सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. बक्षीस कसं द्यावं? काही स्पर्धांत पहिला, दुसरा, तिसरा असे तीनच क्रमांक. शिकागोच्या सैनिक-पुतळ्यांच्या प्रदर्शनानं दुसरी पद्धत रुजवली. तिथं तुमचं काम शेजाऱ्याच्या कामाशी तोललं जात नाही, ठरलेल्या दर्जाशी तोललं जातं. सुवर्णाच्या लायकीचे वीस पुतळे आले तर वीस सुवर्णपदकं, एकही आला नाही तर एकही नाही. आपल्या महाराष्ट्रातल्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट रेखाकला परीक्षांची रीत अशीच आहे. अ श्रेणी कितीही मुलांना मिळू शकते. तरीही निकालाच्या दिवशी पालक विचारतात काय? "वर्गात अजून कुणाकुणाला अ मिळाला?" म्हणजे मापदंड हातात असूनही आपण शेजाऱ्याच्याच ताटात बघतो.

इथं कुणी मला थांबवून म्हणेल, गुरुजी, तुम्ही फारच गोड चित्र रंगवताय. या शौकात कडवटपणा नाही का? आहे, आणि तो लपवायचं कारण नाही. शिपाई महाग आहेत. ज्याच्या खिशात पैसे कमी त्याच्या अर्धवट फौजेवर नाकं मुरडणारे आहेत. न रंगवलेली राखाडी फौज घेऊन आलेल्या पोराला हसून पिटाळणारे आहेत. टेबलाजवळ आलेल्या बाईला "नवऱ्यासाठी घ्यायला आलात का?" असं विचारणारे आहेत. आणि याहूनही गंभीर गोष्ट घडली. वॉरहॅमर ४०,००० च्या कथेतलं मानवी साम्राज्य मुळात उपहास म्हणून रचलेलं आहे. क्रूर, अंधश्रद्ध, परक्यांचा द्वेष करणारं आणि स्वतःच्याच गर्वात सडत चाललेलं. काही लोकांना त्यातला उपहास दिसेनासा झाला आणि ते त्या साम्राज्याला आदर्श मानू लागले. स्पेनमधल्या एका स्पर्धेत एक खेळाडू नाझी चिन्हांचे कपडे घालून बसल्यावर नोव्हेंबर २०२१ मध्ये कंपनीला जाहीर करावं लागलं की आमचं साम्राज्य ही व्यंग्यकथा आहे, द्वेष पसरवणाऱ्यांना आमच्या शौकात जागा नाही.

ही घटना माझ्या विरोधात जात नाही, माझं म्हणणं बळकट करते. ज्यानं स्वतःच्या शिपायावर हसणं सोडलं, त्यालाच तो शिपाई खरा वाटू लागला. थट्टेला उथळ समजणाऱ्यांनी याचा विचार करावा.

आता आपल्या घरात येऊ. उर्दूच्या परंपरेत या दोन प्रकारच्या टीकेसाठी दोन वेगळे शब्द आहेत. एक इस्लाह. शागिर्द गझल घेऊन येतो, उस्ताद एखादा शब्द खोडतो, एखादा बदलतो, वर एखादी कोपरखळीही मारतो. शागिर्द हसतो, लाजतो आणि पुढच्या वेळी ती चूक करत नाही. दुसरा शब्द हजो. तिथं शेर बाजूला राहतो आणि शायराच्या अब्रूवर हात पडतो. लखनौमधल्या इन्शा आणि मुसहफी यांच्या भांडणाची हकिगत मौलाना मुहम्मद हुसेन आझाद यांनी 'आब-ए-हयात'मध्ये सांगितली आहे. दोघेही मोठे शायर. सुरुवात शेरांतल्या दोषांवरून झाली, शेवट रस्त्यावर निघालेल्या मिरवणुकीत झाला. त्या मिरवणुकीत बाहुला आणि बाहुली हातांत घेऊन त्यांना एकमेकांशी लढवत नेलं गेलं. बाहुला म्हणजे मुसहफी, बाहुली म्हणजे त्यांची बायको! हजोची उतरंड कुठवर जाते ते यावरून कळतं. शब्दाच्या दोषापासून निघालेली माणसं प्रतिस्पर्ध्याच्या घरातल्या बाईपर्यंत पोचली. त्यात शायरीचा काय फायदा झाला?

याउलट एक प्रसंग अजमेरचा आहे, १६१६ सालचा. इंग्लंडचा वकील सर टॉमस रो याच्याकडं एक छोटंसं इंग्रजी चित्र होतं आणि त्याच्या बारकाईचा त्याला अभिमान होता. जहांगीर बादशहानं आपल्या चित्रकाराकडून त्याच्या हुबेहूब नकला करून घेतल्या. रात्री मेणबत्तीच्या उजेडात सगळी चित्रं रोसमोर मांडली आणि म्हटलं, ओळख तुझं कुठलं. रोला आपलं चित्र ओळखता आलं, पण सहजासहजी नाही. बादशहा खूश झाला, हसला, आणि रोनं चित्रकाराची तारीफ केली. इथंही चढाओढ आहे, फिरकी आहे, अगदी दोन देशांची इज्जत पणाला लागली आहे. पण सगळं कागदावरच्या कामाभोवती फिरतं. कुणाच्या धर्मावर, रंगावर, घरावर शब्द गेला नाही. आणि ज्या चित्रकारानं नकला केल्या त्याची कदर झाली.

काही वाचक म्हणतील, आपल्यात मुळात पुतळे-बाहुल्यांचाच प्रश्न आहे. तसविरीबद्दल उलेमांमध्ये मतभेद आहेत, ते मी मिटवायला निघालो नाही, तो माझा अधिकारही नाही. पण अबू दाऊदच्या हदीससंग्रहातली ती रिवायत आपण सगळ्यांनी ऐकली आहे. हजरत आयेशा (रजि.) यांच्या बाहुल्यांमध्ये कापडाचे पंख असलेला एक घोडा होता. घोड्याला पंख कसे, असं प्रेषितांनी (स.) विचारलं. सुलेमान (अ.) यांच्या घोड्यांना पंख होते हे आपण ऐकलं नाही का, असं त्यांनी उलट विचारलं. त्यावर प्रेषित (स.) इतके हसले की दाढा दिसल्या. प्रश्न घोड्याबद्दल होता, उत्तरात हजरजबाबीपणा होता आणि हसण्यात माया होती. वडीलधाऱ्या माणसानं लहानाच्या खेळण्यावर कसं हसावं, याचा धडा आपल्याकडं चौदाशे वर्षांपासून आहे. आपण तो फक्त जुम्म्याच्या बयानात ऐकतो.

काही वर्षांपूर्वी एका गावात दिवाळीच्या किल्ल्यांची स्पर्धा होती. सातवीतली माझी एक विद्यार्थिनी मैत्रिणींच्या किल्ल्यासाठी मातीचे मावळे करून, रंगवून घेऊन गेली. बाजारात मिळणारे मावळे सगळे एकाच साच्यातले, सगळ्यांचे गाल गुलाबी. हिचे प्रत्येक मावळे वेगळे होते. कुणी म्हातारा, कुणी झोपाळलेला पहारेकरी. डोळे मात्र फारच मोठे झाले होते. पाहुणे परीक्षक वाकून म्हणाले, "हा मावळा बुरुजावर भूत बघून आलाय का?" सगळे हसले. ती सगळ्यात मोठ्यानं हसली. मग त्यांनी तिचं नाव विचारलं. नाव ऐकल्यावर म्हणाले, "असू दे, तुमच्याकडं चित्रं काढायची सवयच नसते ना!" तेव्हाही काही जण हसले. ती हसली नाही. घरी गेल्यावर नात्यातल्या एका बुजुर्गांनी बाकीचं काम पूर्ण केलं. म्हणाले, "बाहुल्या रंगवून काय पोट भरणार आहे? वर आणि लोकांची बोलणी खाऊन आली." पुढच्या वर्षी तिनं मावळे केले नाहीत.

पहिलं वाक्य उत्तम होतं. ते ऐकून तिनं पुढच्या वेळी डोळे नक्की लहान काढले असते. दुसऱ्या वाक्यातून तिला सुधारण्यासारखं काहीच नव्हतं, कारण नाव आणि घराणं ब्रशनं बदलता येत नाही. आणि तिसरं वाक्य आपल्याच माणसाचं होतं, म्हणून ते जास्त लागलं. बाहेरचा म्हणतो तुमच्यात ही सवय नाही, घरातला म्हणतो आपल्याला ही सवय नको. दोघं मिळून एका मुलीच्या हातातून ब्रश काढून घेतात आणि दोघांनाही वाटतं आपण नुसती गंमत केली.

यावर उपाय म्हणून हल्ली काही शाळांनी नवा मार्ग काढला आहे. कुणाला काही बोलायचंच नाही. सगळ्यांना प्रमाणपत्र, सगळ्यांना टाळ्या. मला हेही मान्य नाही. मुलांना स्वतःचा तिरळा शिपाई दिसतो. तुम्ही त्याला सुंदर म्हणालात की त्यांना दोन गोष्टी कळतात, एक तर तुम्ही नीट पाहिलं नाही, किंवा तुम्हाला त्यांच्या कामाची पर्वा नाही. ज्याच्या कामाची चेष्टा करावीशी वाटते, त्याचं काम निदान कुणीतरी जवळ जाऊन पाहिलेलं असतं.

म्हणून शिक्षक, पालक आणि परीक्षक मंडळींकडं माझ्या काही साध्या मागण्या आहेत. निकष स्पर्धेआधी भिंतीवर लावा, म्हणजे वाद निकषांवर होईल, नावांवर होणार नाही. निकालानंतर सगळी कामं दोन दिवस मांडून ठेवा. हरलेल्या मुलाला जिंकलेल्या कामाच्या जवळ नाक नेऊन बघू द्या आणि त्यातली खोड काढू द्या. परीक्षकानं प्रत्येक मुलाला त्याच्या कामातला एक गुण आणि एक दोष समोर सांगावा. हसतखेळत सांगितला तर फारच छान. परीक्षकाच्या स्वतःच्या फसलेल्या कामाचा एखादा नमुना टेबलावर असेल तर मुलांची भीती निम्म्यानं कमी होईल. आणि कामावरून घसरून कुणी मुलाच्या नावावर, मोहल्ल्यावर, आई-बापाच्या खिशावर किंवा मुलगी असण्यावर गेला, तर त्याला तिथल्या तिथं थांबवा, मग तो अध्यक्ष असो वा देणगीदार. नंतर खाजगीत समजावून सांगू म्हणाल तर उशीर झालेला असतो. त्या वेळी मूल तिथं उभं असतं आणि कोण गप्प बसलं हे ते बघत असतं.

दिवाळी येते आहे, त्यानंतर गॅदरिंगचे दिवस. तुमच्या शाळेत, तुमच्या गल्लीत एखादा मोठ्या डोळ्यांचा मावळा नक्की दिसेल. खुशाल हसा त्याच्यावर. मग त्या मुलाला किंवा मुलीला बसवून घ्या आणि विचारा, "डोळ्यासाठी कुठला ब्रश वापरलास?"